सदतीस अंशांची पेटी

४ सप्टेंबर, सोमवार

दोनदा टोचावं लागलं. पहिल्यांदा सुई आत गेली, पण पाणी काही येईना. मान तिरकी करून स्क्रीनकडे पाहिलं — आतला पडदा सुईच्या टोकाबरोबर तंबूसारखा ताणला जात होता, फाटत मात्र नव्हता. बाळाभोवती असे दोन पडदे असतात, एकात एक. ते एकमेकांना नीट चिकटायला सोळावा आठवडा उजाडतो. माझा पंधरावा. डॉक्टर म्हणाले होते, "आठवडाभर थांबू या. एवढी घाई काय आहे?" मीच ऐकलं नाही. पाण्यातल्या बाळाच्या पेशी लॅबमध्ये वाढायला दोन आठवडे, स्लाइड बघायला तीन-चार दिवस, मग काय ते ठरवायला वेळ नको का? चौदा वर्षं लोकांच्या तारखा मी अशाच मोजत आलेय.

दुसऱ्यांदा त्यांनी सुई झटक्यात घातली. आलं, पण थोडंसंच. गुलाबीसर. नळी उजेडात धरून म्हणाले, "यातला पहिला भाग टाकला तर उरणार काय?"

"टाकू नका," मी म्हटलं. "सगळं द्या. आम्ही वाढवतो बरोबर."

"तुम्ही स्वतःच लॅबवाल्या. तुम्हाला मी काय सांगणार."

ऐकून बरं वाटलं. तेवढ्यातही बरं वाटून घेतलं!

नवरा बाहेर बाकावर. मला बघून उठला, आणि नेमका त्याचा फोन वाजला. लिफ्टदुरुस्तीचं काम त्याचं; कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. "मी आलोच. दार ढकलू नका. खाली बसून घ्या. हवा भरपूर आहे आत, काळजी करू नका." अडकलेल्यांशी हा किती छान बोलतो. मला गाडीत बसवलं आणि गेला. ही तपासणी त्याला नकोच होती. "रक्तात धोका दिसला तर दिसू दे. कसंही निघालं तरी आपलंच ना?" त्याचं खरं असेलही. पण मला कळल्याशिवाय राहवत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांची गुणसूत्रं जुळवत बसायचं — शाळेतला प्रश्न, जोड्या लावा — आणि स्वतःच्या बाळाच्या वेळी म्हणायचं, जाऊ दे?

५ सप्टेंबर, मंगळवार

पोट जरा दुखतंय. कामावर गेलेच.

माझी नळी आमच्याच लॅबमध्ये आली. दुसरीकडे जाणार कुठे! नावाऐवजी नुसता नंबर. नियम असा की आपला नमुना आपण बघायचा नाही. तो मुंगीकडे गेला. मुंगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. एवढीशी आहे आणि दिवसभर थांबत नाही, म्हणून मुंगी. म्हणाली, "दोन बाटल्या लावल्यात. एक कामाची, एक राखीव. पेटीत खालच्या फळीवर आहेत. उगाच दार उघडून बघू नकोस, थंडी वाजेल त्यांना." आमची पेटी कायम सदतीस अंशांवर असते, अंगाइतकी गरम.

नाही बघितलं. (बघितलं. दोन बाटल्या, तळाला गुलाबी पाणी. अजून काहीच नाही.)

७ सप्टेंबर, गुरुवार

टेबलावरून उठले तर स्टूल ओलं. आधी वाटलं, शिंकले त्यामुळे असेल, या दिवसांत होतंच. स्वच्छतागृहात गेले. मग वास आला.

तो वास ओळखायला मला शिकवावं लागत नाही. रोज तीस-तीस नळ्यांची झाकणं उघडते. किंचित गोड, जुन्या गवतासारखा. तिथेच उभी राहिले, हात भिंतीला. बाहेरून मुंगी म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "पाणी जातंय." तिलाही समजावून सांगायची गरज नव्हती.

८ सप्टेंबर, शुक्रवार

सोनोग्राफी. ठोके आहेत. पाणी कमी. आणि आतला पडदा भिंतीपासून सुटलाय. स्क्रीनवर दिसला — वाळत घातलेली चादर वाऱ्याने हलते तसा हलत होता. सुईने केलेलं भोक त्यातच कुठेतरी. बाहेरच्या पडद्याला चिकटलेला असता तर भोक बुजलं असतं. चिकटायला आठवडा हवा होता. मी दिला नाही.

"बऱ्याचदा आपोआप थांबतं," डॉक्टर.

"बऱ्याचदा म्हणजे?"

"बऱ्याचदा."

वजन उचलायचं नाही, ताप मोजायचा, पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर लगेच यायचं. बाकी काही करता येत नाही. टायरच्या ट्यूबलासुद्धा ठिगळ लावता येतं. हे मी मोठ्याने बोलले. डॉक्टर कसंनुसं हसले. नवरा हसला नाही.

घरी आल्यावर तो नुसता म्हणाला, "पाय वर करून झोप." एवढंच. आठवडाभर थांबायला सांगितलं होतं ना, असं काही बोललाच नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

११ सप्टेंबर, सोमवार

आई आली. दारातूनच सुरू. "अगं, आमच्या वेळी कुठे होत्या असल्या सुया? हात दाखवून अवलक्षण —" आणि जीभ चावली. पिशवी खाली ठेवून माझ्या पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली. माझ्या तोंडाकडे बघेना. मला आईचा राग आला आणि तिचे हात हलू नयेत असंही वाटलं.

मुंगीचा फोन. "चिकटल्या! बाटलीच्या तळाला छान चिकटल्यात. एवढ्या कमी पाण्यातून एवढ्या भराभर — तुझं बाळ चिवट आहे गं." बाटलीतल्या पेशी तळाला चिकटल्या म्हणजे जिवंत आहेत आणि वाढणार. दिवसभर तेच डोक्यात. तिकडे चिकटलं. इकडे नाही.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "बाटलीत काय, बरणीत काय. पोटात राहू दे म्हणजे झालं."

१३ सप्टेंबर, बुधवार

थेंब थेंब. थांबलंय म्हणावं तर खोकले की पुन्हा. मी खोकणं बंद केलंय. हसणंही; तसं अवघड जात नाही.

छतावर एक डाग आहे. वरच्या मजल्यावरचा नळ गळतो. नवऱ्याने शिडी लावून आजच रंग मारला. न सांगता.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

ठोके आहेत. पाणी आणखी कमी. बाळ एका कोपऱ्यात दुमडून बसल्यासारखं. डॉक्टर यंत्र फिरवत राहिले. मग म्हणाले, पाण्याशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत, संसर्गाची भीती आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. हे 'तुम्हाला ठाऊकच आहे' आता मला ऐकवत नाही. मला काय ठाऊक होतं? मला बाटल्या ठाऊक आहेत.

"थांबायचं की नाही, तुम्ही दोघं ठरवा."

नवरा म्हणाला, "थांबू." ताडकन म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. जेवायला काय करू विचारलं तर जो 'काहीही' म्हणतो, तो.

थांबतोय.

१८ सप्टेंबर, सोमवार

ताप. हुडहुडी. पाण्याला वास. आईने दोन साड्या आणि टूथब्रश पिशवीत कोंबले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय.

२१ सप्टेंबर, गुरुवार

संपलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते, नाहीतर ते माझ्या डोक्यात सडेल.

संसर्ग आतपर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, आता थांबलं तर तुम्हीपण जाल. गोळ्या दिल्या. बाकी सगळं बाळंतपणात होतं तसंच झालं — कळा, घाम, नर्सचा हात. शेजारच्या खोलीत कुणाला तरी पूर्ण दिवसांच्या कळा येत होत्या. तिच्या आणि माझ्या ओरडण्यात काही फरक नव्हता.

नर्स म्हणाली, "बघायचंय का?"

मी म्हटलं, नाही. भिंतीकडे तोंड केलं. रोज माणसाच्या पेशी बघणारी मी, मला बघवेना. माझ्यामागे नवऱ्याचा आवाज आला, "मी बघतो. माझ्याकडे द्या." मग बराच वेळ काहीच आवाज नाही. त्याच्या बुटांचाही नाही. एका जागी उभा असणार.

किती वेळ? मी भिंतीवरचा स्विचबोर्ड बघत होते. चार बटणं, एक पंख्याचं.

नंतर तो आला आणि माझ्या केसांवर हात ठेवला. हाताला ग्रीसचा वास. मी म्हटलं, "काही सांगू नकोस." तो म्हणाला, "बरं."

२४ सप्टेंबर, रविवार

दूध आलं.

एवढ्या लवकर येऊ शकतं, कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "घट्ट कपडे घाल, हात लावू नकोस, आटेल." आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून रडत होती. नळाचा आवाज केला म्हणजे ऐकू येणार नाही असं तिला वाटतं. आमच्या घरात रडण्यासाठी पाणी वाया घालवायची पद्धत आहे.

अंगाला अक्कल नसते. ज्याने पाणी धरून ठेवलं नाही त्याला आता दूध सुचतंय.

२७ सप्टेंबर, बुधवार

मुंगी भेटायला आली. खुर्चीच्या कडेवर बसली, चहा प्यायलीच नाही. म्हणाली, "स्लाइड तयार आहेत. मी अजून बघितल्या नाहीत. तू म्हणशील तेव्हा बघेन. नाही म्हणालीस तर हेडबाईंना सांगते, पेशी वाढल्याच नाहीत म्हणून." हेडबाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, रिपोर्टवर सही त्यांची.

मुंगीने आयुष्यात कधी एका आकड्याचं खोटं लिहिलं नाही. माझ्यासाठी लिहायला निघाली होती.

"बघायच्या," मी म्हटलं. "पण मी बघणार."

"नियम —"

"मुंगे."

तिने मान डोलावली.

३० सप्टेंबर, शनिवार

स्पष्टच लिहून टाकते, म्हणजे उद्या स्वतःला फसवता यायचं नाही. मला बाळ आजारी निघायला हवंय.

पेशींत दोष निघाला तर मी म्हणेन, वाचलं बिचारं, पुढे हालच होते. सुई टोचली ते बरोबर केलं. सगळे तेच म्हणतील, आई सगळ्यात आधी. आणि दोष नाही निघाला तर मी एका धडधाकट बाळाला भोक पाडून मारलं. तिसरं काही नाही. कसली आई मी, मेलेल्या बाळाला रोग चिकटवायला निघालेय.

जेवताना नवरा म्हणाला, "तुला एक सांगू का? बाळ —"

"नको."

त्याने पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. मग लिफ्टच्या दोराविषयी बोलला. कुठल्याशा इमारतीत दोर झिजलाय आणि सोसायटीवाले ऐकत नाहीत. मी 'हो का' म्हटलं. असा आमचा संसार चाललाय.

३ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर पहिला दिवस. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, मी काचेची असल्यासारखे. दुपारी सगळे जेवायला गेले. मुंगी जाताना स्लाइडचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवून गेली.

बघितल्या.

सुंदर स्लाइड. मुंगीचा हातच तसा. गुणसूत्रं अगदी मोकळी पडलेली, एकावर एक नाही. एकेक उचलून जोड्या लावत गेले. हात थरथरत नव्हते, याची मला लाज वाटते. एकविसाव्या जोडीशी थांबले. तिथेच धोका सांगितला होता, तिथे तिसरं असलं तर संपलं. दोनच होती. दुसरी पेशी. दोनच. सगळ्या पेशी बघितल्या. कुठेही काही कमी नाही, काही जास्त नाही.

धडधाकट.

मग शेवटची जोडी. आमच्या रिपोर्टात मुलगा की मुलगी हे लिहायचं नाही असा कडक नियम आहे; बघणाऱ्याला दिसतं, पण तो तोंड मिटून बसतो. दोन्ही एक्स. मुलगी. मला मुलगी होती.

जेवणाचा डबा उघडलाच नाही. संध्याकाळी तसाच घरी आणला.

४ ऑक्टोबर, बुधवार

त्याला सांगितलं, "रिपोर्ट आला. काही दोष नव्हता."

तो बूट काढत होता. एक पायात, एक हातात. हातातला खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं! मला वाटत होतं त्याने बूट फेकून मारावा. म्हणावं, मी सांगितलं होतं. कसंही असलं तरी आपलं म्हणालो होतो, तुला कळायला हवं होतं ना, घे, कळलं. पण हा मेला इतका चांगला आहे की माझी शिक्षापण मलाच द्यावी लागते.

मुलगी होती हे सांगितलं नाही. तेवढं माझ्याजवळ ठेवलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

१० ऑक्टोबर, मंगळवार

रिपोर्टवर हेडबाईंची सही झाली. सही झाली की राखीव बाटली फेकायची. जंतुनाशक ओतायचं, रात्रभर ठेवायची, सकाळी लाल पिशवीत. हे काम या महिन्यात माझ्याकडे आहे. अठरा बाटल्या निघाल्या. सतरांत ओतलं.

तिची पेटीत परत ठेवली. मागे, कोपऱ्यात, नंबर भिंतीकडे करून.

पेशी काही मेलेल्या नाहीत ना. बाळ गेलं त्याच्या आधी काढलेल्या. त्यांना काहीच माहीत नाही. त्या वाढतायत, दुभंगतायत, एकीच्या दोन होतायत. माझ्या मुलीचं एवढं तरी जगात जिवंत आहे. ते मी माझ्या हाताने मारू?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

गुलाबी पाणी पिवळं पडलं की समजायचं, खाऊन संपलं. जुनं काढून नवीन घालायचं. आज घातलं. आधी कोमट केलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तळभर पसरल्यात, माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

बाळ पोटात होतं तेव्हा मी एवढं टक लावून कधी बघितलंच नव्हतं. तेव्हा मी तारखा मोजत होते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आई परत गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त फ्रिजचा." मी म्हटलं, बोलतो की. ती म्हणाली, "हो, दिसतंय. तो लिफ्टबद्दल, तू भाजीबद्दल."

तिला रिक्षात बसवलं आणि सरळ लॅबमध्ये गेले. सुट्टी घेतली होती, तरी. पाणी बदलायचा दिवस होता.

२३ ऑक्टोबर, सोमवार

बाटली भरली. जागा संपली की पेशी वाढायच्या थांबतात, म्हणून सोडवून दोन बाटल्यांत वाटल्या. आता दोन. आज कधी नव्हे ते घरी येताना गाणं गुणगुणत होते. नवऱ्याने ऐकलं आणि दारातच थबकला. मग हळूच म्हणाला, "चहा ठेवू?"

मला वेड लागतंय का? लागलं तर लागू दे. शहाणपणाने काय भलं केलं माझं.

३० ऑक्टोबर, सोमवार

मुंगीने पकडलं. पेटी साफ करताना मागच्या कोपऱ्यातल्या बाटल्या तिला दिसल्या. नंबर तिच्याच हाताने लिहिलेला, ओळखणार नाही होय! मला कोठीच्या खोलीत नेऊन दार लावलं.

"हे काय आहे?"

"तुला माहितीय काय आहे."

"अगं, ते बाळ नाही. ते बाटलीतलं कल्चर आहे, वाढवलेल्या पेशी."

"तू म्हणाली होतीस — तुझं बाळ चिवट आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला तिला दुखवायचं होतं आणि दुखवलं. खोक्यावर बसून रडली बिचारी. मी रडले नाही. मी तिला विचारलं, "हेडबाईंना सांगशील?" तिने मान हलवली, नाही. मग डोळे पुसत म्हणाली, "पण हे किती दिवस? या पेशी म्हाताऱ्या होतात. तुला माहितीय. काही महिन्यांनी आपोआप थांबतील. पुन्हा एकदा मरताना बघशील का?"

नवऱ्याला माहीत आहे का, असंही तिने विचारलं. मी दार उघडून बाहेर पडले.

२ नोव्हेंबर, गुरुवार

खरंच मंदावल्यात. मोठ्या, पसरट झाल्यात, कडा फाटक्या. पाणी चार दिवस झाले तरी गुलाबीच. भूक नाही त्यांना.

जंतुनाशकाची बाटली हातात घेतली होती. ठेवून दिली. माझ्याच्याने होत नाही. एकदा सुई मारून झाली, आता परत नाही. इतकं एकटं मला हॉस्पिटलच्या त्या भिंतीकडे तोंड करूनसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा पाठीमागे निदान हा तरी होता.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्याला सांगायला हवं. त्याचीही ती तेवढीच आहे. मी त्याला तिचं काहीच दिलं नाही, मुलगी होती हेसुद्धा नाही. रविवारी त्याला सुट्टी. दाखवायला नेईन. दोघं मिळून फेकू. किंवा नाही फेकणार. पण दोघं मिळून.

५ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सगळं — राखीव बाटली, पाणी बदलणं, कोपरा. म्हटलं, "आपली मुलगी अजून थोडी आहे तिथे. बघायला येतोस?"

तो माझ्यासमोर येऊन बसला. मग लिफ्टमधल्या माणसांशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "मुलगा होता गं. मी हातात घेतलं होतं ना त्याला. नीट बघितलं. तू सांगू नकोस म्हणालीस."

सुई आधी आईच्या मांसातून जाते. पहिल्या थेंबांत आईच्या पेशी येतात, म्हणून ते टाकायचे. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलीला हे मीच शिकवते. नळी दुसऱ्या कुणाची असती — गुलाबी, थोडीशी, पहिला भाग न टाकलेली, वर दोन्ही एक्स — तर पहिल्याच दिवशी शंका काढली असती.

बाटलीत मीच होते. धडधाकट निघाले ती मी. त्याच्याबद्दल सुईने आम्हाला काहीच सांगितलं नाही. तो कसा होता हे जगात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो आतल्या खोलीत पलंगावर बसलाय. जाऊन विचारते.